गहू सोडल्यावरचे अनुभव : सातारा-सांगलीकरांनो, लिहा

कृष्णाकाठ (सांगली)

गेल्या वर्षभरात ओळखीतल्या इतक्या जणांनी गहू सोडल्याचं कानावर आलं, की हा धागा काढावाच म्हटलं. कुणी वजनासाठी सोडला, कुणी शुगरसाठी, कुणी गुडघ्यांसाठी, तर कुणी मोबाइलवर व्हिडिओ बघून. मीही सोडलाय, त्याला बरीच वर्षं झाली. पण माझं कारण वेगळं आहे. मला सीलिॲक आहे.

माझं निदान पोटामुळे नाही, रक्तामुळे झालं. हिमोग्लोबिन काही केल्या चढायचं नाही. लोहाच्या गोळ्या झाल्या, सलाइनमधून लोह झालं, खजूर, बीट, लोखंडी कढई, सगळं झालं. पाळीत जास्त जात असेल, नीट जेवत नसेल, असं जो तो सांगायचा. शेवटी पोटाच्या एका डॉक्टरांनी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी सांगितली. ती खूप वर आली. मग दुर्बीण घालून लहान आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासला, तेव्हा उलगडा झाला. आतड्याच्या आतल्या बाजूला टॉवेलवर असते तशी लव असते, अन्नातलं सत्त्व तीच शोषून घेते. माझी ती लव पार सपाट झाली होती. मग गोळीतलं लोह रक्तात जाणार कुठून?

गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक परदेशी धान्य) या धान्यांतल्या प्रथिनांना मिळून ग्लूटेन म्हणतात. सीलिॲकमध्ये ते पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते. त्यावर औषध नाही. ग्लूटेन जन्मभर आणि पूर्ण बंद, एवढाच उपाय. 'सणाला एक घास' हेसुद्धा चालत नाही. हे नातेवाइकांच्या गळी उतरवणं मला आजारापेक्षा जड गेलं.

चपाती, रवा, मैदा, शेवया, लापशी सोडणं सोपं होतं, कारण ते डोळ्यांना दिसतं. न दिसणारा गहू शोधायला वेळ लागला. डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. मेतकुटात गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीत असतो. कुरडई तर गव्हाच्या चिकाचीच. सातूचं पीठ पौष्टिक म्हणून आणून देणारे पुष्कळ भेटतात, पण सातू म्हणजे जवच. चायनीजच्या गाडीवरच्या सोया सॉसमध्येही गहू असतो. बिअर पिणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, ती जवाची असते.

आता माझं हिमोग्लोबिन टिकतं. केस गळायचे थांबले. दुपारी तीनला गळून जायचे, ते गेलं. तुमचे अनुभव लिहा. फक्त एक विनंती आहे : गहू सोडण्याआधी तपासणी केली होती की नाही, तेही लिहा.

माणदेशी_गडी (दहिवडी)

ताई, आमच्या माणात गहू हा सणाचाच. लहानपणी चपाती म्हणजे पाव्हणं आलं तरच. एरवी शाळूची नाहीतर बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, खर्डा आणि थंडीत हुलग्याचं माडगं. नोकरीला बाहेर पडलो आणि कॅन्टीनमध्ये दोन्ही वेळा चपाती सुरू झाली. पोट फुगायचं, आंबट ढेकरा यायच्या, संध्याकाळी बेल्ट सैल करावा लागायचा. गावाकडं परत आलो, चपाती बंद केली आणि महिन्या-दोन महिन्यांत पोट हलकं झालं. वजनही थोडं उतरलं.

तपासणी केलेली नाही. बरं वाटतंय तर कशाला करायची, असं वाटतं. यावर कुणी नीट सांगितलं तर ऐकायची तयारी आहे.

आहार_मिरज (मिरज)

दादा, तुम्हाला बरं वाटलं ते खरंच आहे, त्यावर वाद नाही. पण त्यामागं तीन वेगळी कारणं असू शकतात आणि तिन्हींचा पुढचा रस्ता वेगळा आहे. मी आहारतज्ज्ञ आहे, रोज हेच बघते.

पहिलं सीलिॲक. यात नकळत थोडंसं ग्लूटेन गेलं तरी आतड्याला इजा होऊ शकते, पोटात काही जाणवो न जाणवो. पुढं रक्त कमी होणं, हाडं ठिसूळ होणं, मुलांची उंची खुंटणं, काहींना गर्भ न राहणं अशा गोष्टी येतात. कोपर-गुडघ्यांवर खाजणारे बारीक फोड येतात, तोही याच आजाराचा एक प्रकार. दुसरं गव्हाची ॲलर्जी. ती वेगळीच, तिथं खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी, ओठ सुजणं, दम लागणं असं होतं. तिसरं म्हणजे तपासण्या नॉर्मल, पण गहू खाल्ला की त्रास. या तिसऱ्या गटात गव्हातलं ग्लूटेन बाजूला राहतं आणि त्यातले फ्रुक्टन नावाचे कर्बोदकांचे रेणू गुन्हेगार निघतात, असंही अनेकदा होतं. ते कांद्यात आणि लसणातही असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सीलिॲकची तपासणी गहू खात असतानाच करायची असते. गहू बंद केला की रक्तातल्या अँटीबॉडी हळूहळू उतरतात, लव भरून येऊ लागते आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. मग तुम्हाला सीलिॲक होता की नाही, हे कळायचा सोपा मार्ग बंद होतो. ज्यांनी आधीच सोडलाय त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्यानं काही आठवडे रोज चपाती खाऊन मगच रक्त द्यावं लागतं. सोबत एकूण आयजीएसुद्धा (टीटीजी तपासणीत ज्या प्रकारच्या अँटीबॉडी बघतात, त्यांचं रक्तातलं एकूण प्रमाण) मोजून घ्यावं. काहींच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असतं, त्यांची टीटीजी तपासणी खोटी नॉर्मल दिसते.

घरात कुणाला सीलिॲक, टाइप वन मधुमेह किंवा प्रतिकारशक्तीमुळे झालेला थायरॉईडचा विकार असेल तर तपासणी टाळूच नये. जवळच्या रक्ताच्या नात्यात सीलिॲकची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते.

माणदेशी_गडी (दहिवडी)

थोरल्या भावाला थायरॉईड आहे. पुन्हा चपाती खायची म्हणजे जिवावर येतंय, पण सुगी उरकली की करतो. इथं कळवीन.

खपली_वाळवा (वाळवा तालुका)

मी खपली हा जुन्या जातीचा गहू पिकवतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं एमएसीएस २९७१ हे वाण लावतो. नदीकाठच्या काळ्या रानात ते चांगलं येतं, तांबेऱ्याला दाद देत नाही. मळणीनंतरही दाण्याचं टरफल सुटत नाही, ते काढायला वेगळं कांडप करावं लागतं, म्हणून भाव चढा असतो. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक खपलीसाठीच फोन करतं. साध्या गव्हानं पोट जड होतं आणि खपलीनं होत नाही, असं सांगणारे माझ्याकडं भरपूर आहेत. त्यामुळं 'सगळाच गहू वाईट' असं कुणी वाचू नये. आपल्याकडच्या गव्हाच्या खिरीला खपलीच लागते, पुरणपोळीलाही खपलीच.

कृष्णाकाठ (सांगली)

दादा, तुमच्या कष्टांबद्दल आदरच आहे. माझ्या माहेरी खपलीच पिकते आणि खिरीची चव मला आजही पाठ आहे. पण इथं एक गोष्ट ठणकावून सांगते. खपलीत ग्लूटेन असतं. ते कमी चिवट असतं, म्हणून खपलीची कणीक साध्या गव्हासारखी ताणत नाही. ज्यांना सीलिॲक नाही त्यांना ती पचायला हलकी वाटत असेल, तर त्यांनी आनंदानं खावी. पण सीलिॲकवाल्याला ती साध्या गव्हाइतकीच घातक आहे. निदान झाल्यावर मला सगळ्यात जास्त वेळा मिळालेला सल्ला कोणता असेल तर 'मग खपली खा की'. जुनं देशी वाण, सेंद्रिय शेती, जात्यावरचं दळण, यातल्या कशानंही गव्हातलं ग्लूटेन जात नाही.

आहार_मिरज (मिरज)

ताईंना पूर्ण दुजोरा. आपल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणं पाकिटावर 'ग्लूटेन फ्री' लिहायचं तर किलोमागं २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. कोणताही गहू या मर्यादेत बसणं शक्य नाही.

खपली_वाळवा (वाळवा तालुका)

मान्य. गिऱ्हाईक फोनवर 'ग्लूटेन फ्री आहे ना?' असंच विचारतं. आजवर मी 'पचायला हलकं आहे' एवढंच सांगत आलो. आता पिशवीवर ठळक छापून घेतो : यात ग्लूटेन आहे, सीलिॲकच्या पेशंटनं खाऊ नये. माल खपायचा तो खपतोच.

अजिंक्यतारा_आई (सातारा)

हा धागा मी एका दमात वाचला. माझ्या मुलाला सीलिॲक आहे. तो वर्गात सगळ्यांत बुटका, पोट पुढं आलेलं, हातपाय काड्या, सारखा चिडचिडा. जंताचं औषध, टॉनिक, दृष्ट काढणं, सगळं झालं होतं. निदान झालं त्या रात्री मला आधी रडू आलं आणि मग हायसं वाटलं, कारण त्रासाला नाव मिळालं होतं.

आहार बदलल्यावर पहिल्यांदा बदलला तो त्याचा स्वभाव. काही आठवड्यांत हसायला, खेळायला लागला. भूक वाढली. उंची मात्र सावकाश धरली. दरवाजाच्या चौकटीवर खुणा करत गेलो आणि दुसऱ्या वर्षी त्या खुणा भराभर वर सरकायला लागल्या. मुलांचं आतडं मोठ्यांपेक्षा लवकर भरून येतं असं डॉक्टर म्हणाले होते, तसंच झालं.

अवघड आहे ते घराबाहेरचं. शाळेत डबे वाटून खातात. वाढदिवसाला केक असतो. गणपतीत दहा घरी जायचं तर दहा घरी रव्याचा शिरा नाहीतर तळणीचे मोदक. सत्यनारायणाचा प्रसाद नाकारला की वयस्कर माणसं दुखावतात. आम्ही एक केलं, शेजारच्या काकूंना आणि शाळेतल्या बाईंना रिपोर्ट दाखवून समजावलं. 'पथ्य आहे' म्हटलं की लोक 'थोडंसं चालतं' म्हणतात. 'आतड्याला जखम होते' म्हटलं की थांबतात. आता त्याच काकू त्याच्यासाठी तांदळाच्या उकडीचे मोदक वेगळ्या पातेल्यात करतात. कंदी पेढे तो खातो, नेहमीच्या हलवायाकडं फक्त खवा आणि साखर वापरतात हे विचारून घेतलंय.

उपवासाचं खाणं आमच्या फार कामी आलं. भगर, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा, रताळं यातल्या कशातच ग्लूटेन नाही. प्रवासात काही मिळालं नाही तर आम्ही सरळ उपवासाची थाळी मागतो. सोबत राजगिऱ्याचे लाडू असतातच.

आता माझा प्रश्न. ज्वारी गिरणीतून दळून आणते तरी मध्येच त्याचं पोट बिघडतं. हे कशानं होत असेल?

गिरणी_विटा (विटा)

ताई, आमची दोन पिढ्यांची पिठाची गिरणी आहे, म्हणून खात्रीनं सांगतो. गव्हाचं दळण झालं की दगडांच्या मध्ये, खालच्या नळीत आणि पिठाच्या पिशवीत बरंच पीठ चिकटून राहतं. त्यावर तुमची ज्वारी टाकली की पहिल्या काही किलोंत ते गव्हाचं पीठ मिसळतं. गिऱ्हाइकाला दिसत नाही, कारण ज्वारीचं पीठही पांढरंच. सकाळी पहिला नंबर लावला तरी भागत नाही, आदल्या रात्रीचं आत असतंच. काही ठिकाणी ज्वारीला वेगळी चक्की असते, पण गडबडीत तिच्यातही गहू टाकला जातो. हवेत उडणारं पीठ तर सगळीकडंच.

तुमच्यासाठी घरघंटीच बरी. ती फक्त ज्वारी, बाजरी, तांदूळ, नाचणीसाठी ठेवा, गव्हाचा एक दाणाही आत जाऊ देऊ नका. घरी जुनं जातं असेल तर तेही चालेल, मात्र आधी त्यावर गहू दळलेला असेल तर वापरू नका. आणि धान्य निवडून, धुऊन, वाळवून दळा. बाजारात एकच माप, एकच चाळण आणि तीच पोती सगळ्याला वापरतात, त्यामुळं ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतात.

कृष्णाकाठ (सांगली)

अगदी हेच. त्यात घरातलंही जोडते. चपातीचं पोळपाट-लाटणं, पीठ चाळायची चाळणी, लाकडी उलथणं, तळणीचं तेल, हे सगळं वेगळं हवं. पुऱ्या तळलेल्या तेलात पापड तळला तरी गडबड होते. आमच्याकडं भाकरीची परात आणि तवा वेगळाच ठेवलाय आणि माझं जेवण आधी होतं, चपात्या नंतर.

कराड_रनर (कराड)

मला कसलाच त्रास नाही. वजन कमी करायला आणि पळताना दम टिकावा म्हणून महिनाभर ग्लूटेन फ्री करावं म्हणतोय. दुकानातली ग्लूटेन फ्री बिस्किटं, पास्ता, ब्रेड आणलाय. बरोबर करतोय का?

आहार_मिरज (मिरज)

भाऊ, त्या पाकिटांत बहुतेक मक्याचा नाहीतर टॅपिओकाचा स्टार्च, साखर आणि तेल असतं. चोथा कमी, किंमत जास्त. वजन त्यानं उतरायचं नाही, उलट वाढेल. गहू सोडल्यावर ज्यांचं वजन उतरतं, त्यांचं बहुतेक वेळा बिस्किटं, टोस्ट, खारी, वडापाव, समोसा सुटल्यामुळं उतरतं. त्रास नसेल तर ग्लूटेन टाळून खेळात फायदा होतो, असं काही सिद्ध झालेलं नाही. एका वेळची चपाती जाऊन ज्वारी किंवा नाचणीची भाकरी आली तर उत्तम, तेवढं करा.

आणि सगळ्यांसाठीच : गव्हाऐवजी नुसता भात वाढवला तर शुगर वाढते. भाकरी, डाळी, कडधान्यं, भाज्या यांचा मेळ ठेवा.

माणदेशी_गडी (दहिवडी)

पण हे सीलिॲक हल्लीच एवढं कसं ऐकू यायला लागलं? आमच्या आजोबांच्या काळात हे नव्हतं.

आहार_मिरज (मिरज)

आजार जुना आहे, ओळख नवी. विलेम डिके हे नेदरलँड्समधले मुलांचे डॉक्टर. १९३० च्या दशकातच त्यांना गव्हाचा संशय आला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात तिथं पाव मिळेनासा झाला. बाकी सगळा देश खंगत असताना हा आजार असलेली मुलं सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा बिघडली. १९५० मध्ये त्यांनी यावर प्रबंध लिहिला. रक्ताच्या तपासण्या तर त्याच्याही कितीतरी नंतर आल्या.

आपल्याकडं पंजाब, हरियाणा, राजस्थान या गहू खाणाऱ्या भागात हा आजार जास्त सापडतो. जनुकीय कल आपल्यातही असतो, पण माणदेशात ताटात ज्वारी-बाजरी होती, म्हणून ज्याला कल होता त्यालाही कदाचित फारसा त्रास झाला नसेल. आणि ज्यांना झाला त्यांची 'हे पोर अंगी लागत नाही' एवढीच नोंद घरात राहिली असेल.

वाईची_लेक (वाई)

माझा अनुभव तिसऱ्या गटातला. गहू खात असतानाच तपासण्या केल्या, सगळ्या नॉर्मल आल्या. तरी चपाती आणि पावानं पोटात कळा यायच्या. गहू बंद केला, निम्माच फरक पडला. मग आहारतज्ज्ञांनी कांदा-लसूण काही दिवस बंद करून हळूहळू परत घ्यायला लावलं, तेव्हा कळलं की कच्चा कांदा आणि लसणाची चटणी माझं पोट बिघडवतात. आता मी लग्नकार्यात एखादी चपाती खाते, काही होत नाही. सांगायचं एवढंच, की तपासणी नॉर्मल आली म्हणून त्रास मनाचा नसतो. आणि जन्मभराचं कडक पथ्य माझ्यासारखीनं उगाच स्वतःवर लादून घ्यायलाही नको.

शाळू_आजी (जत)

लेकींनो, एवढी चर्चा चाललीय पण भाकरी जमत नाही म्हणून किती सुना कंटाळतात ते कुणी बोललं नाही. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून ते कोमट पाण्यात नाही, उकळत्या पाण्यात मळायचं. चमच्यानं कालवायचं, हाताला सोसेल इतकं निवलं की तळहाताच्या टाचेनं रगडून रगडून मळायचं. जेवढं मळाल तेवढी भाकरी चिरत नाही. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळायचं, ठेवलं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते. पीठ जुनं झालं तरी विरी जाते, म्हणून दळण थोडं थोडं आणा. आमच्या जत भागातला मालदांडी शाळू घ्या, भाकरी पांढरीशुभ्र आणि गोड होते. थापायला जमत नसेल तर उकड काढून दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये लाटा, त्यात कमीपणा नाही.

सणाला तांदळाच्या पिठाची उकड काढून त्यात पुरण भरायचं आणि जाडसर पोळी हलक्या हातानं थापायची. गव्हाच्या खिरीऐवजी ज्वारी रात्रभर भिजवून, कांडून, शिजवून गूळ आणि खोबरं घालून खीर करायची. चव वेगळी असते पण पोरं वाटी चाटतात. उन्हाळ्यात नाचणीची आंबील. जावळी, पाटणकडची नाचणी चांगली मिळते. कुरडईऐवजी ज्वारीच्या चिकाच्या पापड्या करा. हिंग टाकायचाच असेल तर खडा आणून घरी कुटा, आणि खड्यातही काय मिसळलंय ते दुकानदाराला विचारा.

अजिंक्यतारा_आई (सातारा)

आजी, ज्वारीची खीर या रविवारी करते. गिरणीवाल्या दादांचेही आभार, घरघंटी घ्यायचं ठरवलं.

शेवटचं एक विचारायचं आहे. मुलाची धाकटी बहीण आहे. तिला काहीच त्रास नाही, वजन-उंची नीट आहे. घरात सगळंच वेगळं करण्यापेक्षा तिलाही गहू बंद करावा, असं सासूबाई म्हणतात. करू का?

आहार_मिरज (मिरज)

आत्ता नको. आधी तिची टीटीजी आणि एकूण आयजीए तपासून घ्या. सख्ख्या भावंडांची तपासणी त्रास नसला तरी करतात. तोपर्यंत तिला रोज चपाती मिळायला हवी, घरी नको असेल तर शाळेच्या डब्यात द्या. रिपोर्ट नॉर्मल आला तरी काही वर्षांनी पुन्हा बघावं लागतं, कारण हा आजार कोणत्याही वयात सुरू होऊ शकतो. तुमची आणि मुलाच्या बाबांचीही त्याच दिवशी करून घ्या.